चौदा नंबरचा पाना

५ जानेवारी १९६९, जळगाव

गिरणीच्या एजंटाने दर वर्षीप्रमाणे भाईजींना डायरी दिली आणि दर वर्षीप्रमाणे भाईजींनी ती माझ्याकडे टाकली. "घे सुरेश, तुला लिहायची हौस आहे." भाईजी म्हणजे माझे थोरले बंधू मांगीलाल. कापडाचं दुकान तेच चालवतात. मी गल्ल्याशेजारी बसतो आणि गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणतो. हे काम मी सोळा वर्षं करतोय आणि अजून त्यात माझी चूक कुणी काढलेली नाही.

हौस मात्र मला पुष्कळ. बासष्टमध्ये पत्राने होमिओपॅथी शिकलो. आईच्या गुडघ्यावर वर्षभर गोळ्या चालवल्या, गुडघा आहे तिथेच आहे. पासष्टमध्ये मधमाश्या पाळायची पेटी आणली. आम्हा जैनांना मध वर्ज्य आहे हे पेटी घरात आल्यावर आईने आठवण करून दिलं.

घरात आम्ही मारवाडी बोलतो, दुकानात गिऱ्हाइकांशी अहिराणी, इथे शाळेतल्या मराठीत लिहितोय. यंदा डायरी शेवटच्या पानापर्यंत न्यायची असं ठरवलं आहे.

१२ जानेवारी

मोठी बातमी. बाजारात कुजबुज आहे की इथली केळी रशियाला जाणार. गाड्याच्या गाड्या. मी विचार केला, केळी जाणार म्हणजे कागद जाणार, कागद जाणार म्हणजे रशियन येणारा माणूस लागणार. अख्ख्या खानदेशात तो आहे का? नाही. मग माल स्वस्त आहे तेव्हाच भरून ठेवावा.

एका मासिकात वाचलं होतं की दहा वर्षांच्या आत मुलाची जीभ ओल्या मातीसारखी असते, परकी भाषा तेव्हाच शिकवावी. आमची चंचल नऊ वर्षांची आहे. म्हणजे हाताशी एकच वर्ष. चंचल रशियन शिकणार.

कुसुमलताला सांगितलं. ती पेपर वाचत होती. माझी बायको पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते. तिने मान वर न करता विचारलं, "चंचलला विचारलंत?"

मी म्हटलं, "नऊ वर्षांच्या मुलीला काय विचारायचं?"

"मला चौदाव्या वर्षी लग्न ठरवतानाही कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली आणि पान उलटलं.

१५ जानेवारी

आज भाईजींशी बोलणं झालं आणि विषय भलताच निघाला. ते म्हणाले, "चौथी झाली की पोरीची शाळा बस. घरातलं कामकाज शिकू दे." आमच्या घराण्यात हेच चालत आलं आहे. मी हे विसरलो होतो, की विसरल्यासारखं करत होतो, देव जाणे.

मी भाईजींसमोर आजवर वर मान करून बोललो नव्हतो. आज बोललो. म्हटलं, "तिची परकी भाषा कामाला आली तर?"

भाईजी व्यापारी माणूस. "नमुना दाखव," ते म्हणाले. "वर्षभरात चार लोकांत तिची भाषा चालली, तर पाचवीत घाल. नाही चालली तर माझं ऐकायचं."

मी हो म्हटलं. आता चंचलची शाळा माझ्या रशियनवर अवलंबून आहे. मधमाश्यांपेक्षा हे जरा जोखमीचं वाटतं.

२६ जानेवारी

चाळीसगावला रशियन पुस्तकं विकणारी मोटार आली होती, तिथून 'घरबसल्या रशियन' असं पुस्तक आणलं. आधी आपण शिकावं, मग पोरीला शिकवावं, असा बेत. दहा दिवस सकाळी गच्चीवर पाठ करतोय. 'नमस्कार'ला त्यांचा जो शब्द आहे तो उच्चारताना माझा कवळीचा दात हलला. खालून शेजारच्या इंदिराबाईंनी विचारलं, "सुरेशभाऊ, घशाला काही झालं का?"

चंचलने पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि त्याची शिवण कशी घातली आहे ते पाहत बसली. मुलीला पुस्तकांची आवड आहे, ही जमेची बाजू.

९ फेब्रुवारी

गुरू मिळाला! मेहरूणच्या रस्त्याला गनीभाईंचं वर्कशॉप आहे, इंजिनं आणि पंप दुरुस्त करतात. ते सहा वर्षं भिलाईच्या कारखान्यात होते, रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली. फाडफाड बोलतात. मी त्यांना माझं पुस्तक दाखवलं. त्यांनी हाताला तेल आहे म्हणून लांबूनच पाहिलं.

"सुरेशभाई, जबान किताब से नहीं आती," ते म्हणाले. "काम करते करते आती है. बच्ची को भेजो, बैठेगी, सुनेगी."

घरी आईने आकाशपाताळ एक केलं. "छोरी बिगड जासी!" शेवटी तह झाला तो असा: चंचलने घरचं उकळलेलं पाणी बरोबर न्यायचं, तिथे काही खायचं नाही, आणि सूर्य मावळायच्या आत जेवायला घरी यायचं. गनीभाईंच्या बायकोने, जैनबभाभींनी, दाराजवळ एक स्वच्छ पाट ठेवला आहे. त्यावर बसून शिकणार. उत्तम व्यवस्था.

१६ मार्च

प्रगती जोरात. चंचल घरी आली की मी परीक्षा घेतो. 'दवाय' म्हणजे आण किंवा चल. 'खराशो' म्हणजे छान. 'अस्तरोझ्ना' म्हणजे जपून. हे तिने मला सांगितलं. माझ्या पुस्तकात ते अजून यायचं आहे. मी त्यातला 'आमच्या कुटुंबात पाच माणसे आहेत' हा धडा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, असं कुणी बोलत नाही."

नखं फार काळी असतात. पाटीची पेन्सिल, दुसरं काय.

२० एप्रिल

घरात चमत्कार झाला. आईचं शिवणयंत्र चार वर्षं अडून बसलं होतं. मिस्त्री येऊन गेला, हात टेकून गेला. आज सकाळी आईने सहज पाय ठेवला तर सुरळीत चालू. बहुधा उन्हाळ्याने तेल पातळ झालं असावं. गेल्या महिन्यात दुकानातला पंखा असाच आपोआप कुरकुरायचा थांबला. यंदाचं वर्ष आम्हाला लाभतंय.

चंचलने फ्रॉकला मोठे खिसे लावून मागितले आहेत. कुसुमलताने न विचारता लावून दिले. मी म्हटलं, "खिशात काय घालणार गं?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकांच्या गोष्टी असतील, मी विचारलं नाही.

२९ जून

चंचल चौथीत बसली. केळी रशियाला जाण्याच्या बातमीचं घोडं कुठेतरी पेंड खातंय. ज्याने मला ती सांगितली होती तो कांतीलाल म्हणतो, "मी कधी म्हटलं?"

आता मागे फिरता येत नाही. बाजारात तुरी, आणि मी मुलीची शाळा पणाला लावून बसलोय. आज दुकानात बसल्या बसल्या फार भीती वाटली. गिऱ्हाईक आलं आणि मी "या, बसा" म्हणायचं विसरलो. सोळा वर्षांतली पहिली चूक.

संवत्सरीनंतरचा दिवस, सप्टेंबर

काल वर्षाची क्षमा मागून झाली. सगळ्यांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्', म्हणजे माझ्याकडून जे वाईट घडलं ते मिटो. चंचलने गनीभाईंनाही जाऊन म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला. तिने सांगितला. ते म्हणाले, "ये तो हम को रोज बोलना चाहिए."

मी माझी यादी केली होती: आई, भाईजी, वहिनी, कांतीलाल (त्यानेच मला म्हणायला हवं होतं), इंदिराबाई. सगळ्यांना म्हणून झालं. चंचल आणि कुसुमलता यादीत नव्हत्या. घरच्या घरी काय?

१८ नोव्हेंबर

देव आहे! धुळ्याला डिसेंबरात शेतीप्रदर्शन भरतंय. परदेशातून नवा ट्रॅक्टर येणार आणि तो चालवून दाखवायला तिथला साहेब येणार. मी ट्रॅक्टरच्या एजंटाच्या मुनीमाला विचारलं, कुठल्या देशाचा? तो म्हणाला, "तिकडचाच, लाल झेंड्याचा." म्हणजे रशियनच! मी लगेच भाईजींना म्हटलं, "नमुना दाखवतो. धुळ्याला चला."

स्वागताचं भाषण मी पुस्तकातून जुळवलं. रशियन जनतेला प्रणाम, मैत्री चिरायू होवो, वगैरे अकरा वाक्यं. चंचलने दोन दिवसांत पाठ केलं. गनीभाईंनी उच्चार सुधारून दिले. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "पक्का रशियन ही है ना?" मी म्हटलं, "गनीभाई, तुम्ही इंजिनं बघा." काय हा माझा तोरा.

७ डिसेंबर, धुळे

सासुरवाडीच्या ओसरीवर बसून लिहितोय. जसं घडलं तसं लिहितो, माझ्या मूर्खपणासकट.

सकाळी मैदानावर ही गर्दी. साक्रीकडची माणसं आदल्या दिवसापासून बैलगाड्या सोडून बसलेली. पुढच्या खुर्च्यांवर भाईजी, माझे सासरे, धुळ्याचे सगळे भाऊबंद. साहेब आला. उंच, केस पांढरे, चेहरा शेतकऱ्यासारखा. मी चंचलला पुढे केलं. कुसुमलता माझ्या बाहीला धरून काहीतरी सांगत होती, "अहो, त्या ट्रॅक्टरवरचं नाव वाचा..." मी ऐकलं नाही.

चंचल छान बोलली. एका शब्दावर अडखळली नाही. पहिल्या वाक्याला साहेबाने चमकून पाहिलं. दुसऱ्याला त्याचं हसू गेलं. 'मैत्री चिरायू होवो'ला तर त्याने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. भाषण संपल्यावर तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, मोडकंतोडकं, की मी रशियन नाही. आणि पाठ फिरवून ट्रॅक्टरकडे गेला.

चंचल तिथेच उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होतो. मागून भाईजींचा आवाज आला, शांत, गिऱ्हाइकाला बोलावं तसा. "नमुना पाहिला."

संपलं, असं मला वाटलं. माझ्या हौसेपायी पोरीची शाळा गेली.

पण तिकडे ट्रॅक्टर चालू होईना. साहेबाने बटण दाबलं, इंजिन खोकलं आणि बसलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बसलं. एजंटाचा माणूस इंग्रजीतून काय काय विचारत होता, पण त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि साहेबाला त्याचं इंग्रजी. लोक हसायला लागले. एक म्हातारा ओरडला, "काय रे भो, चालस नही का? बैल आनू का?"

गर्दीतून गनीभाई पुढे गेले. मी त्यांना उच्चारांची खात्री म्हणून बरोबर आणलं होतं. त्यांनी इंजिनाला कान लावला, डिझेलच्या नळीवरून बोट फिरवलं आणि रशियनमध्ये काहीतरी विचारलं. साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने गर्दीकडे पाहिलं, बंद पडलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग हळू आवाजात त्याने उत्तर दिलं. रशियनमध्येच. म्हणजे येत होतं त्याला! चांगलं येत होतं. मग मघाशी झालं काय?

दोघं वाकले. आणि माझी मुलगी माझ्या शेजारून सरळ चालत गेली, हत्यारांच्या पेटीजवळ बसली आणि गनीभाईंनी हात मागे करायच्या आत त्यांच्या हातात पाना ठेवला. चौदा नंबरचा, असं मला मागून कळलं. त्यांनी तो परत दिला, तिने दुसरा दिला. नळीत हवा शिरली होती. मागचा एक स्क्रू असा अडचणीत होता की साहेबाचा हात जाईना. चंचलचा गेला. साहेब म्हणाला, "अस्तरोझ्ना." तिने मान हलवली, सावकाश स्क्रू सैल केला, डिझेलमधले हवेचे बुडबुडे निघू दिले, पुन्हा आवळला. साहेबाने बटण दाबलं.

इंजिन चालू झालं तेव्हा काय आरडाओरडा! तोच म्हातारा म्हणाला, "हाई पोर कोनी शे? तिले बठ्ठं समजस!"

सगळं समजणारी ही पोर कुणाची आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मला रडू आलं. शिवणयंत्र, पंखा, खिसे, काळी नखं. दहा महिने माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी धडा पाचवा वाचत बसलो होतो.

तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. ती साहेबासमोर उभी राहिली. मला विचारलं, "बाबा, आपलं काय चुकलं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही गं." मग तिने ते काळे हात जोडले आणि म्हणाली, "मिच्छामि दुक्कडम्." संवत्सरी होऊन तीन महिने झालेले. साहेबाला काय कळणार? त्याने गनीभाईंकडे पाहिलं. गनीभाईंनी अर्थ सांगितला, रशियनमध्ये. साहेबाने आपलेही काळे हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

८ डिसेंबर, जळगाव

एसटीने एरंडोल मागे टाकलं. चंचल खिडकीशी झोपली होती. मी कुसुमलताला विचारलं, साहेब असा का वागला?

"तो झेकोस्लोव्हाकियाचा," ती म्हणाली. "गेल्या साली रशियाचे रणगाडे त्यांच्या गावागावात शिरले. महिनाभर पेपरात येत होतं. तुम्ही पेपर बाजारभावापुरता वाचता."

मी म्हटलं, "आणि वर्कशॉपमधलं तुला ठाऊक होतं?"

"फ्रॉक मी धुते." मग थोडं थांबून म्हणाली, "मी सातवीला शाळेत पहिली आले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल." तेरा वर्षं संसार केला, खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी गाडीतच हात जोडले. ती म्हणाली, "असू द्या, लोक बघतात." पण तिचे डोळे भरले होते.

घरी आल्यावर भाईजींनी बोलावलं. चेहरा काळवंडलेला. "भाषेचा नमुना मी पाहिला. चालली नाही."

मी म्हटलं, "भाईजी, दुसऱ्यांदा चालली."

ते मला थांबवत म्हणाले, "आणि वर आपल्या घरची मुलगी हजार माणसांत तेलात हात घालून बसली! सासरे तुझे बघत होते. पेढ्यांवरचे लोक बघत होते. आता एकच उपाय आहे. तिला पाचवीत घाल. दिवसभर शाळेत राहिली म्हणजे त्या वर्कशॉपचं नाव सुटेल."

मी मान खाली घालून "जी" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून मला फायदा झाला. शाळा पाचला सुटते आणि सूर्य सहा-सातला मावळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी तर मुळीच नाही.

१४ जून १९७०

डायरी गेल्या वर्षीची, पानं उरली आहेत, म्हणून हिच्यातच लिहितो.

चंचल पाचवीत बसली. शाळेत आता इंग्रजी सुरू झालं. बाई म्हणाल्या, घरी सराव घ्या. मी म्हटलं, घेणार नाही. तेवढं तरी शिकलोय.

संध्याकाळी तिला आणायला मेहरूणला गेलो. मी आपला दाराजवळच्या पाटावर बसलो. ती आणि गनीभाई एका पंपाखाली. मला कुणी कधी विचारलं नाही की सुरेश, तुला काय करायला आवडेल. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, म्हणून मी होमिओपॅथी, मधमाश्या आणि शेवटी लेकीची जीभ धरून बसलो. हिला मात्र सांगता येतं. विचारलं तर.

"चंचल," मी विचारलं, "तुला हे आवडतं?"

ती पंपाखालूनच म्हणाली, "बाबा, रिकामे बसलात तर पाना द्या की."

मी उठलो. धोतर खोचलं. पेटीत हात घातला, पहिला हाताला लागला तो दिला.

तिने तो माझ्या हातात परत ठेवला. "न्ये तो," ती म्हणाली.

दीड वर्ष पुस्तक घोकून एक वाक्य कळलं नव्हतं. हे कळलं. हा नव्हे. मी दुसरा दिला.